इथले पाच, तिथला एक

४ सप्टेंबर

भिंगरी,

शाळेत शिकवतात तसं ‘पत्रास कारण की’ लिहायला घेतलं होतं, मग खोडलं. कारण तुलाही माहीत आहे आणि मलाही. गेले बारा दिवस तू माझ्याशी बोलत नाहीस. तुझा मोबाइल मावशीच्या कपाटात कुलपात पडलाय, ते कळलं. पण रविवारी मी मावशीच्या फोनवर केला तेव्हा तू तिथेच होतीस. तुझ्या चपलांचा आवाज आला मला. मावशी म्हणाली, “अगं, ती आंघोळीला गेलीय.” दुपारी तीन वाजता कसली आंघोळ?

म्हणून हा कागद. कागद वाजत नाही, त्यामुळे तो उचलायचा की नाही हा प्रश्न येत नाही. फाडायचा तर फाड, पण आधी वाच.

शाळेत त्या दिवशी काय काय झालं ते तू डोळ्यांनी पाहिलंस, मी नुसतं ऐकलं. इथे पहाटेचे चार वाजले होते. मावशीने फोन बाईंच्या टेबलावर पंख्याखाली ठेवला असावा, कारण बाई लांबून बोलत होत्या आणि पंखा कानात घरघरत होता. तीन विषयांत नापास. गणिताच्या पेपरला पहिलंच उदाहरण अर्धवट सोडून तू उत्तरपत्रिकेवर डोकं ठेवून झोपलीस. उठवलं तेव्हा गालावर शाई उमटली होती आणि वर्ग हसला. बाई म्हणाल्या, गेल्या वर्षी ही मुलगी वर्गात दुसरी होती, आता हिला मागच्या वर्गात बसवावं का असं मुख्याध्यापक विचारतायत. ऑक्टोबरअखेर ठरेल.

मग त्यांनी तुला विचारलं, रात्री मोबाइलवर काय करतेस. तू म्हणालीस, “व्हिडिओ बघते.” चार-चार वाजेपर्यंत? “हो.” मग मला विचारलं, “आई म्हणून तुम्हाला हे माहीत होतं का?”

आणि मी म्हणाले, “हजारदा सांगितलंय हो तिला, फोन ठेव म्हणून. ऐकतच नाही.”

त्यानंतर तुझ्याकडून काहीच आवाज आला नाही. मला वाटलं लाइन गेली.

बरं, मी काय सांगायला हवं होतं? की रोज रात्री एक वाजता हिला उठवून फोन मीच करते? मावशीसमोर? ती आधीच सगळ्या जगाला सांगत असते, की बाबा सोडून गेले आणि आई लांब गेली, म्हणून पोरगी माझ्या पदरात पडली. तिच्या हातात मी आणखी काय काय द्यायचं?

आणि माझ्या दिवसाकडेही बघ जरा. सहाला धुलाईखान्यात शिरायचं, मोबाइल खाली लॉकरमध्ये टाकायचा. चारला सुटका. बस धरून खोलीवर पोचेपर्यंत पाच. इथले पाच म्हणजे तुझ्याकडचा रात्रीचा एक, याला मी काय करू? सूर्य काही मी लावलेला नाही. मला दुसरी वेळ होती कुठे?

तू बाईंना खरं सांगितलं नाहीस, मीही नाही. दोघी सारख्याच. मग एकटीच का रुसून बसलीस?

वेळेवर झोपत जा. अभ्यासाला लाग. मागच्या वर्गात बसायची वेळ आणू नकोस.

आई

१९ सप्टेंबर

भिंगरी,

तुझं पत्र नाही. आलं असतं तर मीच चकित झाले असते.

काल मावशीने झोपेच्या वहीचं सांगितलं. बाईंनी म्हणे परीक्षेआधी सगळ्या वर्गाला दोन आठवडे वही भरायला लावली होती: किती वाजता झोपलो, किती वाजता उठलो, मध्ये जाग आली का. तू चौदाच्या चौदा दिवस लिहिलंस, दहा ते सहा, जाग नाही. एकाच पेनाने, एकाच बैठकीत. अगं, खोटं लिहायचं तर शाई तरी बदलायची. माझ्या पोटची ना तू?

हसले मी आधी. मग मावशी पुढे म्हणाली, मोबाइल कुलपात जायच्या आधी बाईंनी तो बघितला होता, रात्रीच्या कॉलची सगळी यादी पुसलेली होती. मावशीला वाटतं एखादा मुलगा असणार. ती तुला रोज टाकून बोलते, काका बोलत नाहीत पण मान हलवतात, आणि तू कुणाला ताकास तूर लागू देत नाहीस. यादीत एकच नाव होतं, हे फक्त तुला आणि मला माहीत आहे. तू मला पुसून टाकलंस, माझ्याचसाठी.

हे ऐकल्यापासून कामात लक्ष नाही. तुला माझं काम कधी नीट सांगितलं नव्हतं. इस्पितळांच्या चादरी येतात, ढिगाने. धुऊन, गरम रुळातून दाबून, फळीसारख्या ताठ होऊन बाहेर पडतात. मग एक टोक माझ्या हातात, एक टोक समोरच्या बाईच्या हातात. दोघींनी जवळ यायचं, घडी घालायची, लांब जायचं. आम्हाला एकमेकींची भाषा धड येत नाही, म्हणून मी तिला मनात ‘समोरची’ म्हणते. काल मी एकाच चादरीला तीनदा उलटी घडी घातली. समोरचीने चादर माझ्या हातातून काढून घेतली आणि मला पाणी दिलं.

आपलं कसं सुरू झालं ते आठवतं? आधी दहा मिनिटं असायची. जेवलीस का, शाळेत काय झालं, झोप आता. मग मी भाजी चिरायची आणि तू फोन उशाशी ठेवायचीस. मग बोलणं संपलं तरी फोन चालूच. तू तिकडे कूस बदललीस की मला इकडे चादर सरकल्याचं ऐकू यायचं. दिवसभर हजार चादरी हाताळायच्या आणि संध्याकाळी कान तुझ्या एका चादरीकडे.

एकदा तू म्हणालीस, “आई, फोन ठेवला ना की खोली फार शांत होते. मग झोपच येत नाही. मग व्हिडिओ बघत बसते.” तू मला आजार सांगत होतीस. दुसऱ्या कुणी आईने विचारलं असतं, किती वाजेपर्यंत बघतेस? उद्या उठणार कशी? मी काय म्हणाले? मी म्हणाले, “मग ठेवूच नकोस ना.”

आणि मला त्याचा आनंद झाला होता. आपल्याशिवाय कुणाला झोप येत नाही, हे ऐकून मी त्या दिवशी भांडी घासताना गुणगुणत होते.

बोलता बोलता तुझा शब्द अर्ध्यावर तुटायचा. मी विचारायचे, झोपलीस का गं? तू दचकून म्हणायचीस, “नाही नाही, बोल.” मग मी बोलायचे. पंधरा वर्षांच्या मुलीच्या झोपेचं खोबरं करून मी तिला कसलं मेलं बसमधल्या गर्दीचं पुराण ऐकवत होते.

आज एवढंच. पुढचं लिहायला हात तयार नाही.

आई

६ ऑक्टोबर

भिंगरी,

आज खोटं काही लिहायचं नाही असं ठरवून बसलेय. त्यामुळे अक्षर वाईट आलंय, सांभाळून घे.

पहिल्या पत्रात मी तुला विचारलं होतं, मला दुसरी वेळ होती कुठे. होती. साडेअकराला आम्हाला अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी असते. लॉकरची खोली उघडी असते. समोरची रोज तिथेच, बुटांच्या रॅकपाशी बसून, तोंडात घास असताना तिच्या मुलाशी बोलते. तोही लांब असतो. परवा तिने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, तुझ्या मुलीकडे आत्ता किती वाजले? मी म्हटलं, साडेसात. रात्रीचे? संध्याकाळचे. तेव्हा ती एकच शब्द म्हणाली, “मग?”

मी डब्याचं झाकण लावलं. उत्तर भाषेमुळे अडलं नव्हतं.

तू मला कधीच विचारलं नाहीस, आई, तू दुपारी का नाही करत. तुला खरंच वाटायचं की मला वेळ नाही. आता ऐक.

पहिल्या महिन्यात मी साडेअकरालाच करायचे, आठवतंय? तुमच्याकडे तेव्हा दिवे लागलेले, टीव्ही चालू, मावशीचे दोघं चिल्लेपिल्ले तुझ्या अंगावर लोंबकळलेले. काका काहीतरी विनोद करायचे आणि तू हसत हसत फोन घ्यायचीस. “हां आई, बोल.” ते हसू माझ्यासाठी नसायचं, आधीचं उरलेलं असायचं. मागून मावशी म्हणायची, “पान वाढलंय गं, नंतर बोल.” आणि तू खरंच नंतर बोलायला निघून जायचीस. तू तिथे रुळली होतीस. सुखात होतीस. मला देवाचे आभार मानायला हवे होते, पण मी डबा न उघडता वर जाऊन चादरींशी उभी राहायचे.

रविवारचा फोनही तसाच, सगळ्या घराचा. तुझ्या वाट्याला पाच मिनिटं, माझ्या वाट्याला तीन.

मग एका दिवशी खोलीवर आल्यावर राहवेना, म्हणून पाचला केला. तू अंधारात उचललास आणि कुजबुजलीस, “आई? काय झालं?” त्या वेळी घरात कुणी जागं नव्हतं. तू मावशीची नव्हतीस, भावंडांची नव्हतीस, शाळेची नव्हतीस. फक्त माझी होतीस. दुसऱ्या दिवशी मी साडेअकराला लॉकर उघडलंच नाही.

वेळ होती, भिंगरी. मला ती वेळ नको होती. मला एक वाजताची तू हवी होतीस.

आणि गणिताच्या आदल्या रात्रीचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तुलाही नाही. तू म्हणालीस, “आई, उद्या गणित आहे, आज लवकर ठेवू?” मी म्हटलं, हो हो, पाचच मिनिटं. त्या दिवशी माझं मनगट रुळाला भाजलं होतं आणि मुकादमाने वर मलाच बोल लावला होता. मी रडायला लागले. तू म्हणालीस, “दाखव. थांब, फुंकर घालते.” आणि तू फोनवर फुंकर घातलीस. लहान असताना तुला लागलं की मी घालायचे तशीच. मग मी बोलत राहिले आणि बोलता बोलता झोपून गेले.

मी जागी झाले तेव्हा इथे रात्रीचे नऊ वाजले होते. तुझ्याकडे पहाटेचे पाच. फोन अजून चालू होता. तू ठेवला नव्हतास, कारण ठेवू नकोस असं मीच सांगून ठेवलं होतं. पडद्यावर तू दिसत होतीस. टेबलावरचा दिवा लावून, गुडघे पोटाशी घेऊन, गणिताचं पुस्तक उघडून बसलेली. पान उलटत नव्हतीस. नुसती बघत होतीस त्याच्याकडे. डोळे लाल झाले होते.

मी हाक मारली नाही. हळूच बंद केला आणि कूस बदलली.

तीन तासांनी तू पेपरला बसलीस. पुढचं बाईंनी पंख्याखालून सांगितलंच मला. आणि मी म्हणाले, हजारदा सांगितलंय तिला. कुंपणाने शेत खायचं आणि वर बोंबही कुंपणानेच मारायची.

काल मावशीला सगळं सांगितलं. मला वाटलं ती आकाशपाताळ एक करेल. तिने आधी टीव्ही बंद केला. मग म्हणाली, “पोरगी दीड महिना माझी बोलणी खातेय. एका शब्दाने बोलली नाही गं.” आणि रडायला लागली. आम्ही दोघी बहिणी आई गेली त्यानंतर पहिल्यांदा एकमेकींसमोर रडलो असू.

बाईंना पत्र पाठवलंय. त्याची नक्कल खाली देते, म्हणजे तुला कळेल मी काय लिहिलं ते.

‘आदरणीय बाई, ऑगस्टमध्ये आपण मला फोनवर एक प्रश्न विचारला होता, त्याचं मी खोटं उत्तर दिलं. माझ्या मुलीला गेले दहा महिने रोज रात्री एक वाजता मी स्वतः फोन करत होते. दोन-अडीच वाजेपर्यंत, कधी पहाटेपर्यंत. त्यानंतर तिची झोप उडायची आणि ती मोबाइल बघत बसायची. त्या सवयीला ती जबाबदार असेल, पण तिला जागं मी केलं. वहीत तिने खोटं लिहिलं ते मला झाकण्यासाठी. गणिताच्या पेपरला ती झोपली कारण आदल्या रात्री मी तिला झोपू दिलं नाही. शिक्षा द्यायची तर कृपया हे लक्षात घेऊन द्यावी. तिला पुन्हा परीक्षेला बसू द्यावं ही विनंती. हे पत्र आपण मुख्याध्यापकांना दाखवलंत तरी चालेल. वर्गातल्या मुलांना मात्र नको.’

आता माझ्या बाजूने एकच उरलंय. रात्री एक वाजता मी पुन्हा फोन करणार नाही. तू म्हणालीस तरी नाही, मी मरायला टेकले तरी नाही.

माफ कर असं लिहायला घेतलं होतं. पण ते तुझ्या हातात आहे, मी मागून तुझ्यावर आणखी एक ओझं कशाला टाकू.

आई

१ नोव्हेंबर

भिंगरी,

मावशीने सांगितलं. फेरपरीक्षेत भाषा आणि विज्ञान सुटलं, गणित चार गुणांनी अडकलं, पण वर्ग तोच राहिला. बाई रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास बसवून घेणार म्हणे. मी समोरचीला सांगितलं तर तिने मला चादरीसकट मिठी मारली. मुकादम ओरडला. ओरडू दे.

आता मी साडेअकराला फोन करते, ते तुला माहीतच आहे. पहिले तीन दिवस मावशीच बोलली. चौथ्या दिवशी तू आलीस. म्हणालीस, “हॅलो.” मी म्हटलं, बोल. तू म्हणालीस, “काही नाही.” मागे टीव्ही चालू होता. मग म्हणालीस, “ठेवते.” समोरचीने विचारलं, काय बोलली मुलगी? मी म्हटलं, पुष्कळ बोलली.

काल तू विचारलंस, “मनगट बरं झालं का?” मी हो म्हणाले आणि डबा अख्खा संपवला.

माझंही ऐक. मोबाइलचं वेड फक्त तुम्हा पोरांना असतं असं मी बाईंसमोर भासवत होते, तर माझा हात पाच वाजले की आपोआप खिशाकडे जातो. एकदा तर तुझा नंबर लावून, वाजायच्या आत बंद केला. तुझा मोबाइल कपाटात आहे हे माहीत असूनही लावला होता. तेव्हापासून सुटले की मोबाइल लॉकरमध्येच ठेवून येते, सकाळी घेते. खोली खरंच फार शांत होते गं. तू सांगत होतीस तेव्हा मला कळलं नव्हतं.

आई

२४ नोव्हेंबर

भिंगरी,

तुझं पाकीट आलं. आत पत्र असेल म्हणून इतकं जपून उघडलं, की समोरचीने कात्री आणून दिली. पत्र नव्हतं. झोपेच्या वहीचं एक पान होतं, फाडलेलं, दोन आठवड्यांचं. खरं लिहिलंयस हे पाहताक्षणी कळलं, चौदा दिवसांत चार वेगवेगळी पेनं आहेत.

झोपले दहाला, सव्वादहाला, एकदा अकराला. उठले सहाला. मग शेवटचा रकाना, मध्ये जाग आली का.

पहिल्या दिवशी: हो, एक वाजता. दुसऱ्या दिवशी: हो, एक वाजता. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या दिवशीही तेच. सहाव्या दिवशी: हो, एक वाजता, थोडा वेळ वाट बघितली. हे तू खोडलंयस, पण वाचता येतं. आठव्या दिवशी: हो, पाणी प्यायले. दहाव्या दिवशी: हो, पण किती वाजता ते बघितलं नाही. मग दोन दिवस काही नाही, नुसती रेघ. तेराव्या दिवशी: बहुतेक नाही.

चौदाव्या दिवशी: नाही.

हाच शब्द मला हवा होता. याचसाठी बाईंना लिहिलं, मोबाइल लॉकरमध्ये कोंडला. आणि तो शब्द वाचून मी बुटांच्या रॅकला धरून अशी रडले की जेवायला बसलेल्या सगळ्या बायका उठल्या. समोरची धावत आली, तिला वाटलं कुणी गेलं. तिने विचारलं, काय झालं तुझ्या मुलीला?

मी म्हटलं, झोपली.

ती खुळ्यासारखी बघत राहिली माझ्याकडे. मग तिला काय कळलं कोण जाणे, माझ्याशेजारी खाली बसली. त्या दिवशी तिने तिच्या मुलाला फोन केला नाही.

पान उशीखाली ठेवलंय. उत्तर पाठवायची घाई नको. मोबाइल मावशीने परत दिला तरी रात्री दुसऱ्या खोलीत ठेव, आणि खोली शांत झाली तर होऊ दे. आता ती तुला काही करणार नाही.

इथे आत्ता पाच वाजलेत. झोप.

आई